सहावी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी माझ्या पोटदुखीपासून पेन्शनपर्यंत सगळं सांगतो. तसं पाहिलं तर प्रकरण कवितेतल्या एका ओळीचं आहे. एका ओळीसाठी माणूस इतकी वर्षं तोंड मिटून बसतो का? बसतो. मी बसलो.

शिरूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होतो. माझं नाव होतं ते टवाळ म्हणून. पाहुण्यांचा परिचय भाषणापेक्षा लांबला की मी मागच्या रांगेत मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचो. शाल-नारळाचे कार्यक्रम, ‘आदरणीय’ची माळ, फोटोसाठी थांबवलेलं हसू — या सगळ्यावर माझ्याकडे तयार शेरे असत. मोठेपणाचा आव मला लांबून ओळखू येतो, असा माझा समज होता. लांबून येतोच. आपला स्वतःचा फार जवळ असतो.

अभ्यासक्रमात एक जुनी गॉथिक कथाकविता होती. वादळ, कड्यावरचं एकटं घर, खिडकीत दिवा धरून उभी असलेली बाई आणि वाट चुकलेला घोडेस्वार. प्रत्येक कडवं सहा ओळींचं. पाच ओळींत घोडेस्वार दिव्याच्या दिशेनं जरासा पुढे सरकतो; सहावी ओळ त्या बाईची, दर वेळी तीच — दार उघडंच आहे, ये. शेवटच्या कडव्यात तो उंबरा ओलांडतो. आणि त्या कडव्याला पाचच ओळी.

बाजारातलं गाइड सांगायचं : दिवा म्हणजे आशा, वादळ म्हणजे मनातली खळबळ, दार म्हणजे मृत्यू. मी गाइडला हसायचो आणि तेच शिकवायचो, फक्त जरा सावकाश. पाच ओळींबद्दल मात्र गाइड गप्प होतं. मग मी सांगायचो, छापताना एक ओळ राहिलीय, पेनानं लिहून घ्या. सगळा वर्ग खाली वाकायचा आणि प्रत्येक पुस्तकात त्या बाईचं दार पुन्हा एकदा उघडं व्हायचं.

एका वर्षी सुवर्णानं पेन उचललं नाही. तळेगाव ढमढेऱ्याकडची मुलगी, घरी झेंडू-शेवंतीची शेती, जीपनं येऊन पहिल्या बाकावर बसायची.

“काय हो, शाई संपली?” मी विचारलं.

“न्हाई सर. ओळ राहिली नसंल. तो आत गेला की. आता हाक मारायची कुणाला?” मग म्हणाली, “आन् दिवा आशेचा न्हाई वाटत मला. तिच्या भुकेचा हाय.”

माझ्या अंगावर काटा आला होता — खरं सांगतो, आला होता. त्या क्षणी ‘पुन्हा सांग’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “वा. आजपासून छापखान्याची वकिली आमच्या या बाईंकडे.”

वर्ग हसला. मी जरा जास्तच हसलो. तिला नाव पडलं — छापखाना. कँटीनमध्ये छापखाना, एसटी स्टँडवर छापखाना.

इथं थांबलो तर हा नुसता उद्धटपणा ठरेल, आणि मास्तरच्या उद्धटपणाला लोक लकब म्हणून सोडून देतात. पण गोष्ट इथं थांबत नाही. त्याच संध्याकाळी मी लायब्ररीत जाऊन कवीचा मूळ संग्रह काढला — पहिल्यांदाच. तेही कबूल करून टाकतो. शेवटचं कडवं पाच ओळींचं. दुसरी आवृत्ती काढली. तीही पाचच ओळींची. कुठल्याही छापखान्याची चूक नव्हती. सहाव्या ओळीची जागा कवीनं रिकामी सोडली होती, आणि सगळी भीती त्या रिकाम्या जागेत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. ‘मी चुकलो’ — केवढंसं वाक्य. सुवर्णा पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली होती. मी हजेरी घेतली आणि पुढची कविता काढली. वर्ष संपताना तिनं इंग्रजी सोडलं. विषय सोडणाऱ्याला कारण विचारायची पद्धत आहे. मी विचारलं नाही. मला ते माहीत नव्हतं का?

आणि पुढच्या वर्षी नव्या वर्गाला तीच कविता शिकवताना मी म्हणालो — ओळ राहिलीय, लिहून घ्या. आदल्या वर्षापर्यंत ते अज्ञान होतं. आता खोटं होतं. निवृत्त होईपर्यंत मी ते दरवर्षी बोललो. का, याची कारणं माझ्याकडे आहेत, चांगली घोटून ठेवलेली. ती इथं देत नाही.

या हिवाळ्यात दौंडहून फोन आला. “सर, मी सुवर्णा. छापखाना.” आणि ती मोकळं हसली. मधली काही वर्षं ती सणसवाडीच्या एका कंपनीत ऑफिसात होती. नोकरी करता करता बाहेरून इंग्रजीच घेऊन एम.ए. केलं, आता दौंडच्या एका कॉलेजात शिकवते. वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला मला बोलावत होती.

मी लवकर पोचलो. तिचा तास चालू होता. अभ्यासक्रम फिरून तिथंच आला होता — तीच कविता, शेवटचं कडवं. मी दाराबाहेरच थबकलो. आत एक मुलगी सांगत होती, “मॅडम, माझ्या पुस्तकात हाय की सहावी ओळ. पेनानं लिहिलीय. जुनं पुस्तक हाय, शिरूरवरनं आणलेलं.”

ती ओळ कुणी लिहायला लावली, हे त्या खोलीत एकट्या सुवर्णाला माहीत होतं. ती म्हणाली, “बरं झालं. आता दोन कविता झाल्या आपल्याकडे. एकीत बाई शेवटी बोलते, दुसरीत गप्प राहते. जास्त भीती कुठलीची?”

“गप वालीची,” मागून एक जण म्हणाला. “आमची आई बी वरडायची थांबली, की मंग खरं भ्या वाटतं.”

वर्गात हशा पिकला. पण हसता हसता सगळे पुन्हा पुस्तकात वाकले — या वेळी लिहायला नाही, वाचायला. एवढ्यात तिनं मला पाहिलं. “या ना सर. दार उघडंच आहे.”

मी आत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो.

पुढे शाल, नारळ आणि भाषणापेक्षा लांब परिचय हे सगळं झालं. परिचयात मला ‘स्पष्टवक्ते’ म्हटलं गेलं. मी घड्याळ काढलं नाही. माईक हातात असतानाही त्या ओळीबद्दल बोललो नाही. तीही माझी जुनीच भित्री सवय. निघताना सुवर्णानं कॉलेजच्या वार्षिकांकासाठी आशीर्वादपर दोन शब्द मागितले. ते हे. अंकाची संपादक तीच आहे, त्यामुळे पहिल्यांदा तीच वाचेल.

सुवर्णा, तू बरोबर होतीस. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.

अशा कबुलीच्या शेवटी आणखी एक ओळ असते, काहीतरी मागणारी. ती मी लिहीत नाही. छापताना राहिली असं कुणी समजू नये.