सोमवार-गुरुवारचा डोस

सुनंदाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा रिकाम्या होत्या. मी तारखेशी ताडून पाहिल्या, हिशोब बरोबर. वजनकाट्यावर मात्र ती गेल्या महिन्यापेक्षा दोन किलो कमी भरली. थुंकीचा रिपोर्टही अजून पॉझिटिव्हच.

मी टीबी विभागात ट्रीटमेंट सुपरवायझर आहे. म्हणजे मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचं आणि पेशंट गोळ्या घेतो की नाही ते बघायचं. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने, रोज घ्याव्या लागतात. मध्ये खाडे केले की जंतू शिरजोर होतात आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्याला आम्ही 'रेझिस्टंट' म्हणतो. तिथून पुढे पेशंटचे हाल.

सुनंदा ही नायगाव तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली सून. आजार निघाल्यावर तिची दोन वर्षांची मुलगी लातूरला आजीकडे पाठवली होती. आई बरी झाल्याशिवाय परत आणायची नाही, असं घरच्यांनी ठरवलेलं.

"ताई, गोळ्या रोज घेता ना?"

"हाव, साहेब." नजर जमिनीकडे.

मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"रेझिस्टंट असणार. सँपल नांदेडला पाठवा," ते म्हणाले. "तुमचं लक्ष कुठं असतं?"

"सर, स्ट्रिपा रिकाम्या आहेत."

"मग स्ट्रिपा बऱ्या झाल्या असतील."

फोन ठेवला तर शेजारच्या दारात खैरूनबी उभ्या. साठीची बाई, गावाची 'खाला' म्हणजे मावशी, घरोघर जाऊन बांगड्या भरणारी. त्यांची एक रीत होती. बांगडी चढवताना बाईचा हात हातात असतो, तेवढ्यात त्या विचारायच्या, "तुझ्यासाठी काय मागू?" ती जे सांगेल ते पहाटेच्या नमाजानंतर तिचं नाव घेऊन अल्लाकडे मागायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची दारू. एकदा मलाही विचारलं होतं. "माझं काही नाही," म्हणत मी गाडीला किक मारली होती. रिकामपणाचे उद्योग, असं वाटलं होतं मला.

आज त्यांनी मूठ उघडली. आत भिजून फुगलेल्या लालसर गोळ्या.

"आमच्या दोन घरची नाली येकच हाय, साहेब. सकाळी मीच झाडते. गुरुवारी सापडल्या, आज पुन्हा. कुणाला बोलले न्हाई. तिची बीमारी जाऊ दे म्हणून मी रोज मागून राहिले, आन् दवा नालीत. कसं जमायचं?"

गुरुवार, आणि आज सोमवार. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

आत जाऊन विचारलं तशी सुनंदा रडायलाच लागली. मुलगी लवकर घरी यावी म्हणून तिने सोमवार-गुरुवार धरले होते. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कशी गिळणार? गोळी सकाळी म्हणजे सकाळीच, असा दम मीच भरला होता. ती संध्याकाळवर ढकलता आली असती. पण आठवड्यातले दोन दिवस उपाशी राहून वजन कुठून वाढणार? उपासच सुटायला हवे होते.

मी लेक्चर सुरू केलं. जंतू, प्रोटीन, प्रतिकारशक्ती.

"देवाला बोलून बसले, साहेब," ती म्हणाली. "आता मोडला आन् माझ्या पोरीला काही झालं तर?"



खैरूनबी आत येऊन तिच्याजवळ बसल्या. "तुझे उपास मी धरते."

"खाला, तुम्ही?"

"सोमवार-गुरुवारचा रोजा आमच्यातबी हाय. गुडघ्याचं निमित्त करून मी आळस करत होते. आज सकाळपासून पाणीबी पेले न्हाई, आजचाच धरते. लेक घरी येईस्तोवर. बीमाराला माफ असतंय, पोरी."

"पन माझा देव मानंल का?"

"मागणं तुझंच हाय. उपाशी कोण राहिलं ते त्याला दिसत न्हाई व्हय?"

सुनंदाने तांब्या उचलला आणि मी पिशवीतून काढून दिलेल्या नव्या गोळ्या माझ्यासमोर गिळल्या.

नांदेडचा रिपोर्ट आला. नशिबाने रेझिस्टंट नव्हता. पेशंटला समोर बसवून गोळी गिळायला लावणारा एक माणूस आम्ही नेमतो. त्या फॉर्मवर मी खैरूनबींचं नाव घातलं आणि नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं.

"बाईंना लिहिता-वाचता येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. पण वार कळतात."

एका गुरुवारी, मे महिन्याच्या उन्हात, त्या मला रस्त्यात भेटल्या. डोक्यावर बांगड्यांची टोपली, ओठ सुकलेले. "खाला, आज तरी घरी बसा," मी म्हणालो. "बसले तर आजची घरं राहतील," म्हणून पुढे गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत एका पेशंटसाठी मी एकदाही जेवण चुकवलं नव्हतं. त्या बाईपुढे मला फार लहान वाटलं.

तेव्हापासून नवीन पेशंटला मी आधी उपास विचारतो, स्ट्रिपा नंतर बघतो.

सुनंदाचा कोर्स पुरा झाला. थुंकी निगेटिव्ह आली. तिचं कार्ड बंद करायला गेलो, तर आदल्याच दिवशी मुलगी लातूरहून आलेली. खैरूनबी तिच्या हातात सगळ्यात लहान मापाच्या बांगड्या भरत होत्या आणि ती हात ओढून घेत होती. सुनंदा तिला मांडीवर धरून बसली होती.

"खाला, आता रोजे सुटले ना?" मी विचारलं.

"हिच्यासाठीचे सुटले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साहेब, तुमच्यासाठी काय मागू?"

या वेळी मी किक मारली नाही. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," म्हणालो.

"कवा?"

"येत्या सोमवारी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सोमवारची सवय हाय."