शनिवारचा डबा

आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण संसार म्हणाल तर तो शनिवार-रविवारचाच. मी सांगली जिल्हा परिषदेची शिक्षिका, कडेगाव तालुक्यातल्या एका गावात. हे सातारा जिल्हा परिषदेचे, वाईजवळच्या शाळेवर. दोघांचे जिल्हे वेगळे, त्यामुळं बदली म्हणजे देवाला नवस बोलल्यासारखंच होतं. दर वर्षी आम्ही अर्ज करायचो. त्या बदलीचं नावच मुळी ‘पती-पत्नी एकत्रीकरण’. सुरुवातीला ते लिहिताना मला लाज वाटायची, मग हसू यायला लागलं, आणि पुढं पुढं मी ते नुसतंच लिहून टाकायची. एकदा ह्यांचं जमत आलं होतं, पण सगळी सेवाज्येष्ठता सोडून यावं लागणार होतं. मुख्याध्यापक व्हायला थोडंच उरलं होतं आणि लेकीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर होता. राहू द्या म्हटलं, इतकी वर्षं काढली तशी आणखी काढू.

नातेवाइकांना वाटायचं, दोघं कमावतात, ह्यांना काय कमी! पण आमच्याकडं पगार दोन तशी भाडीही दोन होती. सिलिंडर दोन, कुकर दोन, दूधवाले दोन, आणि दर आठवड्याचं एसटीचं तिकीट वेगळं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पन्नाशी ओलांडली तरी आमच्या नावावर एक भिंत नव्हती.

पण त्या शनिवारांची सर कशालाच नाही, हे मी आजही सांगते. सकाळची शाळा सुटली की हे वाईहून निघायचे. साताऱ्याला गाडी बदलायची, कराडला बदलायची, आणि दिवस मावळायच्या सुमारास आमच्या फाट्यावर उतरायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत कडीचा स्टीलचा डबा. सोमवारी जाताना मी त्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, दशम्या, कधी थालीपीठ भरून द्यायची. आणि रिकामा डबा परत करू नये ही आमच्याकडची रीत हे माझ्याशीसुद्धा पाळायचे. बायकोचाच डबा, पण तो कधी रिकामा आला नाही. फूल ना फुलाची पाकळी, काहीतरी असायचंच. हंगामात स्ट्रॉबेरी, कधी घाटावरच्या देवळातला प्रसाद. एकदा पगार लांबला होता तेव्हा लेकीसाठी रंगीत खडूचे तुकडे आणले होते. आणि काहीच सुचलं नाही की वाईची हळद. सांगलीच्या मुलखात हळद घेऊन येणारा माणूस जगात हा एकच असेल! आमच्या गावात घराघरासमोर हळद वाळत पडलेली असायची आणि हे कौतुकानं पुडी पुढं करायचे. मी पोट धरून हसायची.

आल्या आल्या मी पाण्याचा तांब्या द्यायची आणि विचारायची, “परत कधी?”

“सोमवारी, पहिल्या गाडीनं.”

दर शनिवारी हेच. सोमवारच्या डब्यासाठी पीठ किती लागेल हे मला बघायचं असायचं. शेजारच्या मावशींना मात्र ते खटकायचं. “आवं बाई, माणूस आत्ता दारात आलाय आन् तुमी जायचं काय इचारताय?” त्या म्हणायच्या. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. जाणारच होते ते.

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. मला अजून दीड वर्ष बाकी होतं, म्हणून वाईची खोली सोडून हे माझ्याकडं आले. छोट्या टेम्पोत सगळा संसार मावला. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी रक्कम ह्यांच्या खात्यात बसली होती. आता एकदाचं स्वतःचं घर घ्यायचं ठरलं. हे म्हणाले वाई, मी म्हणाले इथंच. त्यांना कृष्णेचा घाट सुटेना आणि मला माझी माणसं. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. मग आम्ही दोघांनी मास्तरी शहाणपणा केला. वाई नको आणि कडेगाव नको, मधलं कराड घेऊ. कुणावर अन्याय नाही!

कराडबद्दल माया होतीच. निवडणुकीचं काम नाहीतर कसलं प्रशिक्षण लागलं आणि शनिवार बुडाला, की आम्ही रविवारी दोघं अर्ध्या वाटेवर यायचो. कराडच्या स्टँडवर बाकावर बसून डबा खायचा, लेकीच्या गोष्टी बोलायच्या, आणि दोघांनी दोन गाड्यांना जायचं. ह्यांची गाडी आधी लागली तर मी खिडकीखाली उभी राहायची. तेवढ्या आठवणीवर आम्ही कराडात दोन खोल्यांचा फ्लॅट बुक करून बसलो. घर बघायला गेलो तेव्हा बिल्डरनं सहज विचारलं, “गाव कुठलं तुमचं?” आम्ही एकदमच बोललो. हे म्हणाले वाई, मी म्हणाले कडेगाव. तो हसला. आम्हीही हसलो, पण परतीच्या गाडीत ते मनात सलत राहिलं. त्या गावात आमच्या ओळखीचं होतं ते फक्त स्टँड. मोठी रक्कम महिनाअखेरीला द्यायची होती, आणि ती एकदा दिली की ह्यांच्या जन्माची कमाई तिथं जाऊन बसणार होती.

इकडं घरात वेगळीच तऱ्हा. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस! पहाटे उठून हे आपल्या एका कपाच्या पातेल्यात आपला चहा करायचे, प्यायचे, पातेलं घासून पालथं घालायचे. मी उठून माझा वेगळा करायची. स्वतःचं भांडं घासणाऱ्या नवऱ्याबद्दल कुणाकडं तक्रार करायची? पण ते पालथं पातेलं बघून मला रोज वाईट वाटायचं. ह्यांचंही काही सुखाचं चाललं नव्हतं. वाईत सारा गाव गुरुजी म्हणून हाक मारायचा, इथं हे नुसते ‘बाईंचं मालक’. शाळेतून मी यायच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे, आणि मी वह्यांचा गठ्ठा घेऊन तशीच आत जायची. तांब्या नाही, ‘परत कधी’ नाही. घरातच असलेल्या माणसाला काय विचारणार?

त्यात पाणी. हे मूळचे माण तालुक्यातले, दुष्काळात वाढलेले. नळाला पाणी आलं की घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवायचे. पातेली, कळशा, परात, अगदी चहाचे कप. एका शुक्रवारी मी भुकेजून आले तर कणीक मळायला परात नाही, भाजीला कढई नाही, सगळीकडं पाणीच पाणी. माझा तोल गेला.

“आवं, हे काय माण हाय का? रोज पाणी येतंय हितं!”

“असू दे की. माझं बी घर हाय न्हवं? का पाव्हणा हाय मी हितं?”

“पाव्हणा बरा,” मी म्हणाले. “सोमवारी जातो तरी.”

बोलले आणि जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. ह्यांनी परात उचलली. एकेक भांडं बादलीत रिकामं करत राहिले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर दाराला कुलूप. आत ह्यांचा फोन चार्जिंगला तसाच लावलेला. फळीवर नजर गेली. कडीचा डबा जागेवर नव्हता. खुंटीवरची कापडी पिशवीही नव्हती. डबा घेऊन हे फक्त वाईला जायचे.

मी खूप रडले. इतकी वर्षं सरकारनं एकत्र येऊ दिलं नाही म्हणून मी सरकारला शिव्या दिल्या होत्या, आणि आता सरकारनं सोडलं तर आम्हालाच जमेना. लेकीला फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार? उन्हं कलली तशी उठले आणि हुलग्याचं पीठ मळायला घेतलं. शेंगोळी ह्यांना फार आवडतात, शनिवारी हमखास करायची मी. येणार कोण होतं? पण हाताला शनिवार ठाऊक होता. वळून झाली, रटरटली, आणि मग मला घरात बसवेना.

इतक्या वर्षांत मी ह्यांना घ्यायला कधी फाट्यावर गेले नव्हते. बाईमाणूस, त्यात शाळेच्या बाई, बरं दिसत नाही म्हणून दारातच थांबायची. त्या दिवशी सरळ जाऊन उभी राहिले. चहाच्या गाड्यावरचा म्हातारा म्हणाला, “आज शनवार न्हाई का! येतीलच आता गुरुजी.” त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे आता इथंच राहतात, का त्यालाही सवय सुटली नव्हती, कोण जाणे.

कराडची गाडी आली. हे उतरले, हातात पिशवी.

“कुठं गेलतासा?” मी विचारलं.

“कराडला. त्या बिल्डरला सांगून आलो, घर नको म्हनून. बुकिंगातलं थोडं कापून घेनार हाय, घेऊ दे.” मग जरा थांबून म्हणाले, “इतकं म्हैनं हितं ऱ्हातोय गं, पर आलोय असं वाटतच न्हवतं. म्हटलं, एकदा शनवारी येऊन बघू.”

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी डब्याची कडी काढली. आत हळदीची पुडी होती. कराडच्या बाजारातली.

मला हसू फुटलं आणि रडूही आवरेना. हे दाराशी चपला काढत होते. मी तांब्या भरून नेला, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “परत कधी?”

हे घटाघटा पाणी प्यायले. तांब्या माझ्या हातात देत म्हणाले, “सोमवारी तुला शाळा हाय. मला कुठली?”