टाकीतली हजेरी

आमच्या समोरच्या दारात राहणारे रेक्टर निवृत्त झाले, पण त्यांची हजेरी काही निवृत्त झाली नाही. मुलांच्या वसतिगृहात एकतीस वर्षं त्यांनी रोज पहाटे पाचला टॉर्च घेऊन खाटा मोजल्या. जी पोरं दुसऱ्याच्या खोलीत पत्ते कुटत बसलेली असत, ती टॉर्चचा झोत दिसला की मागच्या खिडकीतून उड्या टाकत. रेक्टर त्यांना गैरहजर मांडत आणि झाप झाप झापत पहारेकऱ्याला. इमारतीच्या मागे जाऊन बघावं, असं त्यांना एकतीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. हजेरी पुढून घ्यायची असते, असं त्यांचं मत.

निवृत्तीनंतर मोजायला घरात उरल्या दोन बायका. एक बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि दुसरी त्यांची थोरली विधवा बहीण. या ताईंनीच रेक्टरांना लहानाचं मोठं केलं. आई लवकर गेली, तेव्हा भावाचं नाक पुसण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं ताईंनी पाहिलं. पण दोघी कधीही मोजा, स्वयंपाकघरातच सापडणार. असल्या हजेरीत माणसाचा जीव रमत नाही. दीड महिन्यात रेक्टर वाळले, आणि मग त्यांनी समुद्री माशांची टाकी आणली.

गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं, हे त्यांनी जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगितलं. बादलीत मीठ कालवायचं, काचेच्या नळीने खारेपणा मोजायचा, उडून गेलेलं पाणी रोज भरायचं. नवजात बाळाचं सुद्धा कोणी इतकं करत नाही, आणि बाळ निदान रडून तरी सांगतं. टाकी बाहेरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर बसली, पण भिंतीपासून दीड हात पुढे. मागे ताईंची ट्रंक होती, तिच्यावर घडी घातलेली जाड रजई आणि रजईत डांबराच्या गोळ्या. त्या ट्रंकेला घरात दुसरी जागा नव्हती. तशी ताईंनाही फारशी नव्हती.

मासे नऊ. त्यांना नावं ठेवणं रेक्टरांना पोरकट वाटलं, म्हणून त्यांनी रोल नंबर दिले. एक आणि दोन नारिंगी पट्ट्यांचे, तीन पिवळाधमक, चार लांबुळका आणि भित्रा, अशी पटावर नोंद झाली. काचेच्या झाकणावर वाफ धरते आणि मोजणी चुकते, म्हणून दुसऱ्याच दिवशी झाकण माळ्यावर गेलं. पहाटे पाचला अंधाऱ्या खोलीत टॉर्च काचेवर रोखायचा, मोजायचं, वहीत लिहायचं. मोजून झालं की समोरच्या फ्लॅटमध्ये आम्हाला त्यांचं खाकरणं ऐकू यायचं.

पहिल्या आठवड्यात चार नंबर गैरहजर झाला. मेलेला दिसेना, तरंगताना दिसेना. तीन दिवसांनी सात नंबर.

"मासा जाईल कुठे?" रेक्टरांनी दोघींना समोर उभं करून विचारलं.

"तुझ्या हजेरीला कंटाळून पळाला असेल," ताई म्हणाल्या.

वहिनींना हसू आवरेना. रेक्टरांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. उद्धटपणाच्या रकान्यात.

मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं, मेलेला मासा टाकीतल्या कोळंब्या रातोरात फस्त करतात, तेव्हा प्रेत शोधू नका. दगडात एखादा खेकडा दडला असेल. रेक्टरांनी सगळे दगड बाहेर काढून घासले. खेकडा निघाला नाही, तेव्हा संशय माणसांवर आला. माशांना चिमूटभर खाणं घालायचं काम ताईंचं होतं. बसल्या बसल्या त्या माशांशी बोलतही. "तीन नंबर, तू मेल्या सगळ्यांचं खातोस," असं. घरात आपलं ऐकून घेणारं कोणी असलं, की माणूस चिमूट जरा मोठी घालतो.

"तू जास्त घालतेस, पाणी नासतं, ते मरतात."

"मेले म्हणतोस, तर दाखव ना कुठे मेलेत."

"उलट बोलू नकोस ताई. पहारा कोणाचा होता?"

पहारेकरी सापडला की रेक्टरांचा तपास संपतो.

पाचवा मासा गेला, त्या दिवशी त्यांनी निकाल दिला. आणखी एक गैरहजर झाला, तर ताईंनी दिराच्या मुलाकडे जायचं. हा पुतण्या सहा तासांच्या रस्त्यावर राहायचा. त्याच्या घरी ताईंसाठी गॅरेजच्या वरची खोली होती आणि खाली उतरायला लोखंडी शिडी. ताईंचे गुडघे शिडीचे नव्हते, आणि पुतण्याची बायको त्यांच्याशी शेवटचं बोलली ती लग्नाच्या मांडवात.

मग ताईंनी खाणं घालायचं सोडलं. डबा वहिनींकडे दिला आणि हात मांडीवर ठेवून दिवसभर टाकीसमोर बसू लागल्या. बाहत्तर वर्षांची बाई चार माशांची राखण करतेय, हे दृश्य बघून आम्ही शेजारी हसायचो. हसायला नको होतं, पण ती डुलकी लागली की दचकून बोटांवर मोजायची, आणि ते बघून हसू यायचंच.

आठवड्याने चाराचे तीन झाले.

"दुपारी चार होते. संध्याकाळी चार होते," ताई म्हणाल्या. "मी मोजलेत."

"मग सकाळी तीन कसे?"

"सकाळी मी कुठे असते? सकाळी तू असतोस."

"म्हणजे मी खातो?"

रविवारी पुतण्या गाडी घेऊन आला. गाडीत ट्रंक मावेना, ती मागाहून पाठवायचं ठरलं. जिन्यात ताई मला म्हणाल्या, "तीन नंबर अजून आहे. त्याला सांगा, जरा सांभाळून राहा." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मंगळवारी वहिनींनी ट्रंक ओढून बाहेर काढली. रजईच्या घड्यांमध्ये सहा मासे होते. खारवलेले, वाळून कडक, डांबराच्या गोळ्यांच्या वासात अगदी नीट जपलेले. चार नंबर सगळ्यात खाली. वहिनींनी ते ताटलीत मांडून नवऱ्यापुढे ठेवले. रेक्टर बराच वेळ ताटलीकडे बघत बसले. मग टॉर्चकडे.

बुधवारी पहाटे पाचला वहिनी मुद्दाम उठून त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. टॉर्च काचेवर पडला, पाण्यात खळबळ झाली, आणि तीन नंबर टाकीच्या मागच्या बाजूने बाहेर उडाला. आता रजई नव्हती. फरशीवर चट् असा ओला आवाज झाला. रेक्टरांनी गुडघ्यावर बसून त्याला ओंजळीत धरलं, पाण्यात सोडलं. तो जगला. रेक्टरांनी वहीत लिहिलं: तीन, हजर.

"ताईंना फोन करा," वहिनी म्हणाल्या.

"करतो."

त्या दिवशी त्यांनी टाकीवर बारीक जाळी बसवली. चौकट स्वतः कापली, खिळेही स्वतः ठोकले. काम सुबक झालं. ट्रंक पार्सलने गेली. महिनाभरात एकही मासा कमी झाला नाही, आणि रेक्टर जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "ताई गेल्यापासून एकही गैरहजर नाही. वही बघा." वहीत खोटं एक अक्षर नव्हतं.

शेवटी फोन ताईंनीच केला. मी साखर मागायला गेलो होतो, वहिनी पोळपाटापाशी, फोन स्पीकरवर.

"मासे कसे आहेत रे?"

"सगळे हजर."

"एकही गेला नाही?"

"महिन्यात एकही नाही."

पलीकडे लोखंडी शिडीवर कोणीतरी चढत होतं, त्याचा ठणठण आवाज येत होता. मग ताई म्हणाल्या, "म्हणजे माझंच काहीतरी चुकत होतं. हात जड असेल माझा. तुझं मेलं सगळं नुकसान केलं मी."

वहिनींनी लाटणं थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. रेक्टरांनी घसा साफ केला. इतक्या मायेने बोलताना मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"जाऊ दे ताई," ते म्हणाले. "मी काही मनात धरलेलं नाही."