भट्टीवाल्याचं छप्पर

लहानू मेश्राम भिलाईच्या कारखान्यात भट्ट्यांना आतून अस्तर लावायचा. धग बाहेर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. जवळच्याच मरोदा वस्तीतल्या त्याच्या घरावर मात्र नुसते पत्रे होते. उन्हाळ्यात दोन कूलर लावूनही घर तापायचं.

मुलगी दीक्षा म्हणायची, "बाबा, पत्र्याखाली अस्तर लावा ना."

तो खेकसायचा, "अस्तर गर्मी कोंडून ठेवते. घराची भट्टी कराची हाय का?"

रिटायर झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी घरी बसायची पाळी आली. आठवड्याभरात त्याने मुकाट अस्तर लावून घेतलं. घर निवलं, एक कूलर बंद झाला.

"बरं झालं, भट्टी नाई झाली," तो म्हणाला.

बायको शालू म्हणाली, "भट्टी तं आधीच होती. दुपारी तुमी डूटीवर राहत होते."