पिठीचा डबा

आमचे हे बेकरीत पाव करायचे. उभा जन्म पिठात गेला. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, पाववाले म्हणतात, आणि मी आपली पाववालीण. काम सुटून वर्षं झाली तरी पहाटे उठायचं सुटलं नाही, आणि पिठी भुरभुरवायची सवय तर मुळीच नाही. पिठी म्हणजे गोळा हाताला चिकटू नये म्हणून लावायचं कोरडं गव्हाचं पीठ. तिचा भोकांच्या झाकणाचा डबा माझ्या ओट्यावर उजव्या कोपऱ्यात असतो. बेकरीतही तिथंच असायचा म्हणे. मी चुकून इकडचा तिकडे केला की हे घर डोक्यावर घेतात.

अशा माणसाच्या नशिबी गहू न चालणारी नात! पोटात कण गेला तरी पोर आडवी होते. गव्हात ग्लुटेन असतं, ते तिला सोसत नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा हा शब्द काढला तेव्हा ह्यांनी असं तोंड केलं, जणू कुणी शिवी दिली. त्यातून सूनबाई व्हीगन. म्हणजे दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, आणि पोरीलाही तसंच वाढवलेलं. "मग तुम्ही मायलेकी खाता तरी काय, हवा?" असं मी एकदा विचारलं होतं. ती खळखळून हसली होती. तेव्हा हसायची.

गेल्या वर्षी पोरीला दिवसभर आमच्याकडे ठेवून मुलगा नि सूनबाई दोघं कामावर गेली. संध्याकाळी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट धरून गडाबडा लोळायला लागली.  दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?" मी म्हटलं, "आईनं दिलेल्या डब्यातलंच." हे म्हणाले, "दुसरं काही नाही." मग सुया टोचल्या, रक्त काढलं, पोटाचे फोटो काढले. पोर रडून रडून निळी पडली. काय झालंय ते काही कळलं नाही. आपोआप उतार पडला, पण आठवडाभर अंथरुणात होती.

तेव्हापासून सूनबाई येते ती डबा घेऊन. पोरीचा डबा, पोरीचा चमचा, पोरीचं पाणीसुद्धा. आमच्या ताटाला म्हणून हात लावू देत नाही. मला असा राग यायचा! "एवढा कसला तोरा? आम्ही काय विष कालवतो का?" असं मी ह्यांच्यापाशी तणतणायची. हे उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांच्या मनाला लागतंय. मग मी आणखीनच तणतणायची.

एक दिवस ह्यांनी जाहीर केलं, "मी तिला वडे करून घालणार. भाज्यांचे. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही."

"तुम्ही? पाव सोडून कधी चहा तरी केलाय का?"

"अख्ख्या वस्तीनं माझ्या हातचं खाल्लं," ते म्हणाले, "आणि नातीला एक घास नाही?"  माझ्या जिभेवर थट्टा आली होती ती मी गिळली.

ह्यांनी सूनबाईला फोन केला. तिनं काय काय घालणार ते विचारलं. मग म्हणाली, "बरं बाबा. पण सगळं नवीन वापरा." एवढंच. हे असे हरखले की विचारू नका. नवी किसणी आली, नवा तवा, नवं फडकं. गव्हाच्या पिठाचं पिंप शेजारणीकडे पोचवलं. ओटा घासला, भिंत पुसली, डबे एकेक उचलून खालचं पुसलं आणि जागच्या जागी ठेवले. मी म्हटलं, "अहो, वडे करायचेत की ऑपरेशन?" त्यांना हसूसुद्धा आलं नाही.

आधी दोनदा रंगीत तालीम झाली. पहिल्या खेपेला तव्यावर नुसता चिवडा झाला. मग ह्यांनी डोकं लढवलं. कोबी, गाजर, बटाटा किसायचा, मीठ लावून ठेवायचं आणि फडक्यात घालून कचकचून पिळायचं. पाणी राहिलं की वडा फुटलाच. बटाट्याचं पाणी मात्र वाटीत धरायचं, वरचं ओतून द्यायचं आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व परत भाजीत घालायचं. अंड्याचं काम ते करतं. मग कांदा, मिरी, हरभऱ्याचं पीठ, मूठभर तांदळाचं. वरून पाण्याचा थेंब नाही. चपटे थापून थोड्या तेलावर दोन्हीकडून लाल करायचे. खरं सांगते, झकास व्हायला लागले. ह्यांच्या हाताला चव आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मुलाची त्या दिवशी दुपारपाळी होती, म्हणून मायलेकीच आल्या. सूनबाईनं डबा आणला होताच, पण उघडला नाही. टेबलाच्या कडेला ठेवला. माझं सगळं लक्ष त्या डब्याकडे. आज तो तसाच बंद परत जाऊ दे, एवढंच मनात. आत तवा चरचरत होता आणि हे काहीतरी गुणगुणत होते. किती वर्षांनी!

"आजोबा, माझे झाले का?" पोरीनं हाक मारली.

"आलो, आलो!"

ताट आलं. खरपूस, कडेनं कुरकुरीत. सूनबाईनं एक मोडून पाहिला, वास घेतला. "तेल?"

"नवी बाटली फोडली," मीच ठसक्यात सांगितलं. तिनं मान हलवली. हे पुसायला फडकं आणतो म्हणून आत गेले. पोरीनं वडा उचलला, फुंकर घातली आणि तोंडाशी नेला.

"ठेव खाली!"

हे दारात उभे. एवढ्या जोरात ओरडले की पोरीच्या हातून वडा पडला. ह्यांनी येऊन ताटच ओढून घेतलं. पोरीनं भोकाड पसरलं.

"अहो, डोकं फिरलंय का?" मी उसळले. "पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि उजवा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं पांढरी.

"शेवटचं मिश्रण चिकटत होतं," ते म्हणाले. "हात आपोआप गेला. मला कळलंसुद्धा नाही. आत्ता डब्याच्या झाकणावर माझी ओली बोटं उमटलेली दिसली."

पिठीचा डबा! सगळं घर धुऊन काढलं आणि तो उजव्या कोपऱ्यात तसाच. उचलून, खालचं पुसून परत तिथंच ठेवलेला. आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता.

"शेवटचे दोनच असतील," मी उगाचच म्हटलं. "आधीचे तर चांगलेच..."

"एकाच तव्यात," हे म्हणाले. मान वर नाही. "सगळे टाकायचे."

मला वाटलं, आता सूनबाई तोंड सोडणार. सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पोरीला जवळ घेतलं, बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आज सांगितलंत."

ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"त्या दवाखान्याच्या दिवशी नाही सांगितलंत. रात्री तिचा फ्रॉक भिजवताना खिशात पावाचा तुकडा सापडला मला. तोवर सुया टोचून झाल्या होत्या." ती थांबली. "मी तुमच्या मुलालाही सांगितलं नाही. वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. वर्षभर वाट बघितली."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे गॅलरीत जायचे ते ह्यासाठी. आणि मी मेली सूनबाईला तोरेबाज म्हणत होते! कुठं तोंड लपवू असं झालं मला.

"ती मागत होती," हे पुटपुटले. "एका घासानं काय होतंय, वाटलं. मग डॉक्टरांनी विचारलं, आणि... जीभच उचलली नाही." ते मोरीत गेले आणि हात धुवायला लागले. कोपरापर्यंत साबण लावायचे, धुवायचे, परत लावायचे. नळ चालूच.

सूनबाईनं डबा उघडला. पोरीनं दोन घास खाल्ले, मग डबा उचलून आत गेली. मी मागोमाग.

"आजोबा, तुम्ही जेवला नाही."

"जवळ येऊ नकोस, राजा," हे हात पाठीमागं नेत म्हणाले. "माझे हात चांगले नाहीत."

"मग हात नका लावू. मी भरवते. आ करा."

ह्यांनी दाराकडे पाहिलं. सूनबाई तिथं येऊन उभी होती. तिनं अडवलं नाही. मग ते गुडघ्यांवर बसले, हात पाठीमागंच धरून, आणि डोळे मिटून तोंड उघडलं. पोरीनं तिच्या चमच्यानं घास भरवला. तो तोंडात धरून ते तसेच बसून राहिले, आणि आम्ही दोघी खाली फरशीकडे बघत राहिलो.