सरांनी सोडायला सांगितलेला मोह

आज सुनेनं मोहाची फुलं अंगणात वाळत घातली, आणि त्या गोड, आंबूस वासानं मला थेट साखरशेतच्या शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. खूप वर्षांपूर्वी तिथं शहरातून एक सर ध्यान शिकवायला आले होते. आम्ही सगळे नागलीची भाकरी पोटभर खाऊन गेलेलो, त्यामुळे डोळे मिटताच अर्धं गाव घोरायला लागलं. आमचे हे मात्र ताठ बसले होते. त्यांची रोजची संध्याकाळ मोहाच्या दारूत जायची, आणि सोडा सोडा म्हणून मी थकले होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "मोह सोडा. मोहानंच मन डळमळतं."

ह्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. "तू चुगली केलीस ना गं?" मग सरांना म्हणाले, "मन नाय सर, पाय डळमळतात."

"वा! किती खोल बोललात!" सरांनी हातच जोडले.

"सणासुदीला थोडा चालंल ना?"

"थोडासुद्धा नाही. मोह सुटला तरच शांती."

"घरात तरी व्हईल," हे पुटपुटले आणि सगळ्यांसमोर शब्द देऊन बसले.

तो त्यांनी पाळला. सर कुठल्या मोहाबद्दल बोलत होते ते मला तिथंच कळलं होतं. कीर्तनात ऐकलेलं होतं की मी! तेव्हा नुसतं हसू दाबत होते. आता वाटतं, त्या दिवशी खरं ध्यान मलाच जमलं. खरं सांगून टाकायचा मोह मी सोडला, तो आजतागायत.