अर्ध्या टँकरचा आवाज

लातुरात आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. मार्च सरला की नळाची वाट बघणं आम्ही सोडून देतो आणि सगळ्यांच्या वर्गणीतून ट्रॅक्टरचा टँकर मागवतो. टँकर पाच हजार लिटरचा, पिंप दोनशेचं. म्हणजे टँकरमागे पंचवीस पिंपं. घरटी दोन धरली तर बावीस, उरलेली तीन सांडलवंडीला. हा हिशोब मीच घालून दिला होता आणि पाईप धरून उभं राहण्याचं कामही माझ्याकडेच होतं. नोकरीत आयुष्यभर आकडे जुळवत आलो, त्यामुळे गल्लीनं ते काम माझ्याकडे दिलं आणि मीही ते आवडीनं केलं.

माझं घर गल्लीच्या तोंडालाच आहे. तरी टँकर आधी आत जायचा, टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर वळायचा आणि एकेक घर करत शेवटी माझ्या दारात यायचा. कंधारकडच्या आमच्या गावात पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो. वाढणाऱ्यानं आधी जेवून घेतलं तर त्याच्या हातच्या वाढण्यावर कुणाचा भरवसा राहत नाही. तीच रीत मी इथे लावली होती. ती कुणी मला सांगितली नव्हती आणि मीही कुणाला समजावून सांगितली नव्हती.

टँकर ठरवून देण्याचं काम माझ्या मेहुण्याचं. तो एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. ज्यांनी लातूर पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. इथे डॉक्टरला जेवढा मान नाही तेवढा डॉक्टर घडवणाऱ्या सरांना आहे. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, पण गल्लीतले सगळे त्याला सरच म्हणतात आणि थट्टेत मीही तेच म्हणतो. ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा त्याच्या क्लासला होता, त्यामुळे शब्द त्याचा चालायचा. टँकर विहिरीवरून निघाला की त्याचा फोन यायचा, "दाजी, काठोकाठ भरून निघाला बघा." मी तेच गल्लीला सांगायचो. टँकरवर चढून झाकण उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. सर म्हणाले आणि दाजी म्हणाले, एवढं पुरेसं होतं.

तो नांदेडला कॉलेजात होता तेव्हा आम्हीही नांदेडला होतो. पदवी होईपर्यंत तो आमच्याच घरी राहिला. एकदा आम्ही जीपनं माहूरला रेणुकादेवीला गेलो होतो. मागे पाण्याचा एक मोठा कॅन होता, अर्धा संपलेला. घाटात प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला तो कॅन दारावर आदळत होता. मी वैतागलो तर हा पोरगा हसत म्हणाला, "दाजी, पाण्याला कोण सांगणार, गाडी थांबली म्हणून? ते आपल्या चालीनं पुढंच चाललंय. भिंतीवर आपटेल तेव्हा त्याला कळंल. मग मागं येईल, मागच्या भिंतीवर आपटेल." मी विचारलं, मग निघताना एवढा आवाज का नव्हता? तो म्हणाला, "तवा भरलेला होता. भरलेल्या भांड्यात पाण्याला पळायला जागाच नसते. ते भांड्यासंगंच चालतं अन् भांड्यासंगंच थांबतं. रिकाम्याची तर चिंताच नाही. तरास देतं ते अर्धं." शाळेत मी जडत्वाचा नियम पाठ करून मार्क मिळवले होते. तो समजला मात्र त्या घाटात. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं.

या उन्हाळ्यात माझ्या दारात टँकर आला की दुसरं पिंप अर्ध्यावर राहायला लागलं. मी मेहुण्याला सांगितलं. तो संध्याकाळी चहाला आला, गल्लीतले दोघंतिघं ओट्यावर होते, त्यांच्यासमोरच त्यानं समजावलं. रस्त्यात इतके गतिरोधक झालेत, प्रत्येक ठिकाणी ट्रॅक्टर थांबतो, पाणी पुढे उसळतं, झाकणातून सांडतं. "गतीचा नियम आहे, दाजी. त्याला काय करणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. किराणा दुकानवाले अप्पा, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, ते म्हणाले, "बघा, शिकलेल्या माणसाचं असं असतंय. आपण ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत बसलो असतो." मी माझं अर्धं पिंप सांडलवंडीत धरलं आणि गप्प बसलो.

पुढे माझी दोन्ही पिंपं कोरडी राहू लागली आणि मग शेजारच्या टेलरचाचांचंही दुसरं भरेना. चाचा माझ्या आधीचे. चाची फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "भाईसाब, तुमचा हौद तर भरला असंल ना?" माझ्या दारात जमिनीखाली हौद आहे आणि त्याच्या तोंडाशीच पाईप गुंडाळून ठेवलेला असतो. त्या हसून बोलल्या होत्या, तरी मी हौदाचं झाकण उघडून त्यांना दाखवलं. तळाला दोन बोटं पाणी होतं. त्या म्हणाल्या, "अरे, मैं तो मजाक करी जी." पण वाकून त्यांनी बघितलं होतं.

त्या दिवसापासून मला झोप लागेना असं नाही, पण गल्लीत पाय टाकताना अवघडल्यासारखं होऊ लागलं. कट्ट्यावर चाललेलं बोलणं मी जवळ गेलो की बदलायचं. माझ्या शब्दावर ही अकरा घरं पाणी घेत होती आणि तो शब्दच आता तपासला जात होता.

गल्लीच्या तोंडाशी, माझ्या दारासमोरच, एक गतिरोधक आहे. टँकर तिथे थांबल्यासारखा होतो आणि ट्रॅक्टरला जोडलेला हुक खडाक वाजतो. एका सकाळी मी दात घासत उभा होतो. हुक वाजला. मग पुन्हा वाजला, जरा हळू. मग आणखी एकदा. ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर खाली उतरतोय, आणि मागून कुणीतरी ढकलावं आणि पुन्हा ओढावं तसा टँकर हुकाला हिसके देतोय. माझा ब्रश तोंडातच राहिला. माहूरच्या घाटातला कॅन आठवला.

तरी एवढ्यावर मी कुणाला बोल लावणार नव्हतो. पुढच्या खेपेच्या दिवशी स्कूटर घेऊन शहराबाहेर त्या विहिरीवर गेलो. टँकर माझ्या डोळ्यांदेखत भरला, वरून पाणी ओघळलं, झाकण बसलं. मी मागोमाग निघालो. वाटेतल्या गतिरोधकांवर हुक एकेकदाच वाजला आणि गप्प झाला. झाकणातून तांब्याभर पाणी उडालं असेल. रस्त्यावर ओल म्हणावी तर ती ट्रॅक्टर पुढे जाताच वाळून जात होती. मग टँकर आमच्या गल्लीकडे न वळता मागच्या गल्लीत वळला, मेहुण्यानं विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांसमोर थांबला आणि ड्रायव्हरनं सराईतपणे पाईप टाकीला जोडला.

मी जवळ गेलो. ड्रायव्हर दचकलासुद्धा नाही. "या दाजी," म्हणाला.

"हे काय चाललंय?"

"होस्टेलचं पाणी. आधी हितं, मग तुमच्याकडं. सरांनी सांगितलंय की."

"आमच्या टँकरमधलं?"

"हाव. दाजींला समदं म्हाईत हाय म्हणले सर."

पाण्याचं मला तेवढं लागलं नाही. हे वाक्य लागलं.

मेहुणा वरच्या खोलीत पेपर तपासत होता. मी बसलो नाही. त्यानं माझा चेहरा बघितला आणि खुर्चीतून उठला.

"दाजी, परीक्षा तोंडावर आलीय. पोरं बिनआंघोळीची जातील का क्लासला? दुसरा टँकर मिळून नाही राहिला कुठं."

"मग मला सांगायचंस. गल्लीला विचारलं असतं."

"गल्लीनं दिलं असतं व्हय?"

"नसतं दिलं कदाचित. पण माझं नाव कशाला घेतलंस?"

तो अगदी खरं बोलला, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. "तुम्ही शेवटी घेता ना, दाजी. कमी पडलं तर तुमचंच पडणार आणि तुम्ही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. टाकीला पुढं एवढं पाणी लागंल असं वाटलं नव्हतं."

म्हणजे माझ्या शेवटी उभं राहण्याचा त्यानं हिशोब केला होता. सांडण्याची गोष्ट त्यानं गल्लीला सांगितली, ती अज्ञानातून नव्हे. पाणी किती उसळतं आणि किती सांडतं, हे आमच्यात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच ती गोष्ट इतकी पटली.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला. "उद्यापासून बंद."

मी तिला सांगितलं नाही. माझी चूक असेल तर ती एवढीच.

पुढचा टँकर आला तेव्हा अप्पा, चाचा, चाची, सगळे माझ्या दारात उभे होते. मेहुणाही मोटरसायकलवर आला होता, बहिणीला आंबे द्यायला. ट्रॅक्टर गतिरोधकावर थांबला. खडाक. आणि मग पुन्हा, खडाक. मग हळू, तिसऱ्यांदा.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हा आवाज कशाचा?"

मला अजून वाटतं, त्यानं त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर मी पुढे होऊन त्याला झाकलं असतं. त्यानं हुकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"हुक ढिला झालाय," तो म्हणाला. "पिन बदलायला पाहिजे."

ज्यानं मला ते पाणी समजावलं होतं, त्यानं ते पाणी नाकारलं. माझी बायको दारात आंब्यांची पिशवी धरून उभी होती.

"अप्पा," मी म्हणालो, "वर चढून बघायला सांगा."

चाचांचा थोरला मुलगा शिडीवरून चढला, त्यानं झाकण उघडून बांबू आत सोडला आणि वर काढला. बंद म्हणाला होता, आणि या खेपेला तर बांबू अर्ध्याच्याही खाली ओला होता. सगळे ड्रायव्हरवर तुटून पडले. तो गोंधळून माझ्याकडे हात करून म्हणाला, "मला काय बोलता? दाजींला म्हाईत हाय समदं. त्या दिवशी तर आले व्हते होस्टेलला, सरांच्या खोलीत गेले व्हते."

सगळे माझ्याकडे वळले. मेहुण्याकडे तेवढं एक वाक्य होतं, "दाजींना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं," आणि ते त्यानं उच्चारलं नाही. मोटरसायकल वळवून तो निघून गेला.

मी सगळं सांगितलं. विहीर, मागची गल्ली, वरची खोली. आकडे सांगितले, तारीख सांगितली. अप्पांनी ऐकून घेतलं. "खरं असंल," ते म्हणाले. "पर मेव्हणा तुमचा. तुमाला कळलं तवा आमाला का नाई सांगितलं?" त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दारात आंबे घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर देता येण्यासारखं नव्हतं. पाणी कुठे गेलं हे पाण्यानं सिद्ध केलं. मी काय जाणत होतो हे सिद्ध करणारा कुठलाच नियम मला सापडला नाही.

बायकोनं त्या रात्री एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला झाकलं, की मला?" मी म्हणालो, दोघांना. ती म्हणाली, "मला नव्हतं झाकायचं."

आता टँकर दुसऱ्याकडून येतो. पाईप चाचा धरतात. गल्लीनं एक नवी रीत ठरवली, कुणी वाईट शब्द काढला नाही, चाची तर फार आपुलकीनं म्हणाल्या, "भाईसाब, तुम्ही पहिले घेऊन टाका ना. तुमचं घर तोंडालाच हाय." अप्पाही म्हणाले, त्यात सोय आहे. सोय आहेच. टँकर गतिरोधकावर थांबतो, हुक एकदा वाजतो आणि गप्प होतो. चाचा माझी दोन पिंपं काठोकाठ भरतात. त्यानंतर मी आत जाऊन दार लोटून घेतो, आणि टँकर उरलेल्या दहा घरांकडे जातो.